नोत्र-दामचें छप्पर आणि आजची काष्ठवास्तुकला

आमच्या मासिकांतून काव्य, नाटक व कादंबरी यांची चर्चा पुष्कळ होते, क्वचित् चित्रकलेचीहि होते. पण ज्या कलेच्या पोटांत आपण जन्मभर राहतों, जेवतों आणि निजतों, तिच्याविषयीं टीकाकार म्हणविणारे आम्ही लोक बहुधा गप्प असतों. ह्याचें कारण असें सांगण्यांत येतें कीं वास्तुकला हा शास्त्राचा प्रांत आहे, आणि शास्त्र आमच्या कक्षेबाहेरचें. प्रस्तुत लेखक इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक आहे. तुळईवर किती भार पडतो ह्याचें गणित त्यास येत नाहीं. तथापि एखाद्या रचनेंत कोणती गोष्ट खरी आहे आणि कोणती केवळ मिरविण्याकरितां आणलेली आहे, हा प्रश्न जितका कवितेचा तितकाच छपराचाहि आहे; आणि तो विचारण्यास गणिताची परवानगी लागूं नये.

हा प्रश्न आजच विचारण्यास एक निमित्त आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत युरोप, जपान व अमेरिका येथें लांकूड पुन्हां प्रतिष्ठेस चढलें आहे. ज्या विसाव्या शतकानें लोखंड, सिमेंट आणि कांच हीच काय ती प्रगतीची द्रव्यें मानलीं, त्याच्या पोटीं जन्मलेलें हें शतक आतां सुताराच्या दारीं उभें आहे. कारण उघड आहे. जगांत माणसाच्या हातून जो कार्बन वायु हवेंत मिसळतो त्याचा सुमारें शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटच्या कारखानदारींतून निघतो. उलट झाड वाढतांना तोच वायु शोषून आपल्या अंगांत सांठवितें, आणि त्याची तुळई जोंपर्यंत जळत वा कुजत नाहीं तोंपर्यंत तो ठेवा तसाच राहतो. शिवाय फळ्या एकीवर एक चिकटवून वाटेल त्या लांबीची तुळई, किंवा फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून भिंतीएवढा जाड तक्ता, असें लांकूड आतां कारखान्यांत तयार होतें. ह्या बळावर नॉर्वेंतील ब्रुमुंडाल येथें २०१९ सालीं मियोस्टोर्नेट ही अठरा मजल्यांची, ८५ मीटरांहून उंच इमारत उभी राहिली. आणि २०२२ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरांत पंचवीस मजल्यांच्या ‘असेंट’ नांवाच्या इमारतीनें तिला मीटर-दीड मीटरानें मागें टाकलें. ह्या उंचीच्या शर्यतीविषयीं फार लिहावें असें मला वाटत नाहीं. एवढेंच सांगतों कीं नॉर्वेच्या त्या मनोऱ्याचे वरचे मजले वाऱ्यानें डोलूं नयेत म्हणून त्यांच्या तळपट्ट्या मुद्दाम सिमेंटच्या घातल्या आहेत. लांकूड इतकें हलकें ठरलें कीं त्याला जमिनीवर टिकवून धरण्यास जुन्या प्रतिस्पर्ध्याचेंच वजन उसनें घ्यावें लागलें! ह्यांत विनोद आहे, पण दोष नाहीं.

खरा प्रश्न दुसरीकडे आहे. लांकडाची प्रतिष्ठा वाढतांच लांकडाचें सोंगहि वाढलें. आंत लोखंडाचा सांगाडा आणि बाहेरून देवदाराच्या पट्ट्या, अशा इमारतींची छायाचित्रें आज जगभर फिरत आहेत. त्यांस काष्ठवास्तु म्हणावें काय? माझ्या पिढीच्या इंग्रजी शिकलेल्या माणसास येथें रस्किन आठवल्यावांचून राहत नाहीं. १८४९ सालच्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ ह्या ग्रंथांत त्यानें ह्या विषयाचा जो निवाडा केला त्याचें सार असें : रचना झांकून ठेवणें हें असत्य नव्हे, कारण माणसाची कातडीहि हाडें झांकतेच, मात्र जो आधार नाहीं तो आहे असें भासविणें हें असत्य होय. हा न्याय पहिल्या ऐकण्यांत इतका पटतो कीं मीहि तो कित्येक वर्षें वर्गांत जसाच्या तसा सांगत आलों.

पण विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी कार्ल्यास गेलों कीं तो न्याय डळमळतो. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छतास लांकडाच्या फासळ्या बसविलेल्या आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें तें लांकूड अजून जाग्यावर आहे. वर अखंड पाषाण, डोंगरच्या डोंगर. त्यास आधाराची गरज नाहीं, आणि गरज असती तरी ह्या फासळ्यांनीं तो पेलला नसता. प्रत्येक सहलींत एखादा चौकस मुलगा विचारतोच, “सर, मग ह्या कशाला?” रस्किनच्या न्यायासनापुढें ह्या फासळ्या निश्चित दोषी ठरतील, नसलेल्या आधाराचा देखावा म्हणतात तो हाच. परंतु त्या काळीं ह्या देशांत लांकडाचीं मोठमोठीं सभागृहें होतीं, तीं सगळीं आगीनें, वाळवीनें आणि पावसानें नाहींशीं झालीं, आणि तीं कशीं होतीं हें आपणांस जें काय कळतें त्याचा मोठा भाग ह्याच निरुपयोगी फासळ्यांनीं सांगितलेला आहे. ज्यांनीं त्या बसविल्या त्यांचे हात लांकूडकाम जाणत होते. दगडांत काम करतांनाहि ते हात तें विसरले नाहींत. मी त्या फासळ्यांस दोषी ठरवूं शकत नाहीं. म्हणून माझी कसोटी रस्किनच्या कसोटीहून कांहीं निराळी असली पाहिजे. ती कोणती, हें मला नीट उमगलें तें पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिराचें नवें छप्पर कसें झालें हें वाचल्यावर.

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळीं नोत्र-दामचें छप्पर पेटलें. ती आग जगानें घरबसल्या पाहिली. शिखर मोडून खालीं कोसळतांना पाहिलें. दगडी घुमट बहुतांशीं तगले, पण त्यांच्या वरचें सगळें लांकूडकाम एका रात्रींत कोळसा झालें. फ्रेंच लोक त्या लांकूडकामास ‘अरण्य’ म्हणत. नांवावरून आणि वर्तमानपत्रांतल्या हळहळीवरून आपली समजूत अशी झाली कीं तेथें शेंकडों वर्षें वयाच्या महावृक्षांचे प्रचंड सोट असावेत, आणि तसें लांकूड आतां पृथ्वीवर उरलें नाहीं. ही समजूत चुकीची होती. तेराव्या शतकाच्या सुतारांनीं वापरलेले ओक बहुतेक कोवळे, सडपातळ, फूट-पाऊण फूट जाडीचे होते. दाट लावलेल्या रानांत उजेडाकडे धांवत सरळ वाढलेले. एक हजारच्या आसपास झाडांत मुख्य छपराचें काम भागलें होतें. मोठेपणा झाडांत नव्हता, जोडणींत होता. तळाशीं आडवी तुळई, दोहों अंगांनीं वर जाणारे वासे, मध्यें उभा खांब, त्यांना ठिकठिकाणीं बांधणाऱ्या आडव्या जोड्या. अशी एकेक कैची सुमारें दहा मीटर उंचीची, आणि अशा कैच्यांची रांग मंदिराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एका लांकडाचें टोंक तासून दुसऱ्याच्या खोबणींत बसवावयाचें आणि आरपार लांकडाचीच खुंटी ठोकावयाची, हा सगळा व्यवहार.

आग विझते न विझते तोंच वाद पेटला. फ्रान्सच्या पंतप्रधानांनीं शिखराकरितां आंतरराष्ट्रीय स्पर्धेची घोषणा केली, आणि जगांतल्या हौशी-व्यावसायिक वास्तुशिल्पज्ञांनीं कांचेचें छप्पर, छपरावर बाग, एवढेंच नव्हे तर छपराच्या जागीं पोहण्याचा तलाव, असे नकाशे प्रसिद्ध केले. ह्या नकाशांत आपल्या काळाचें जसें प्रतिबिंब पडलें तसें एखाद्या कादंबरींतहि पडलें नसेल. प्रत्येकास तेथें आपली सही हवी होती. शेवटीं २०२० च्या जुलैंत निर्णय झाला तो असा कीं छप्पर आणि शिखर जसें होतें तसेंच, त्याच द्रव्यांचें करावें. ज्या पांच वर्षांच्या मुदतीची प्रतिज्ञा राष्ट्राध्यक्षांनीं आगीनंतर लगेच केली होती ती थोडी उलटली, पण ७ व ८ डिसेंबर २०२४ ह्या दिवशीं मंदिराचीं दारें पुन्हां उघडलीं.

‘जसें होतें तसेंच’ हे शब्द सोपे आहेत. ते खरे कसे करावे हें ठरवितांना जें झालें तें मला ह्या शतकांतील वास्तुकलेची सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. ज्या दोन भागांचें लांकूडकाम मध्ययुगीन होतें, म्हणजे मुख्य सभागृह आणि वेदीकडील भाग, त्यांच्याकरितां ओक कुऱ्हाडीनें तासण्याचें ठरलें. करवतीनें कापणें सहज शक्य असतां कुऱ्हाड कां? ह्यांत केवळ भाविकपणा नाहीं. करवत आंखलेल्या रेषेनें सरळ जाते. वाटेंत झाडाचा तंतु वांकला असेल तर त्यास छेदून जाते. कुऱ्हाडीनें तासणारा सुतार तंतूच्या मागोमाग जातो. झाड ज्या बाजूस किंचित् कललें त्या बाजूस तुळईहि कलते. झाडाचा गाभा तिच्या मधोमध राहतो, आणि तंतु एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड राहतात. अशी तुळई दिसावयास ओबडधोबड, पण कापलेल्या तुळईपेक्षां कमी जाडींत अधिक भार सोसणारी असते. लांकूडहि ओलें असतांनाच तासावयाचें, कारण वाळलेला ओक लोखंडासारखा होतो आणि कुऱ्हाडीस दाद देत नाहीं. म्हणून सुतार आधीं जंगलांत गेले, आणि जुन्या मापांच्या नकाशांतली अमुक तुळई अमुक वळणाची होती, तर तसेंच वळण असलेला ओक कोणता, हें उभ्या झाडांत पाहून झाडें निवडलीं. ह्या कामासाठीं जुन्या घडणीच्या कुऱ्हाडी लोहारांकडून मुद्दाम घडवून घेतल्या. सर्व मिळून सुमारें दोन हजार ओक लागले.

हें ज्ञान कोठून आलें? पुस्तकांतून नव्हे. बर्गंडी प्रांतांत गेदलों येथें १९९७ पासून एक किल्ला मध्ययुगीन साधनांनीं बांधण्याचा प्रयोग चालला आहे. पंचवीस वर्षें लोक त्यास श्रीमंतांची करमणूक म्हणून हंसत होते, आणि मीहि त्याविषयीं प्रथम वाचलें तेव्हां हंसलों होतों. तेथें हात घडविलेले कित्येक सुतार नोत्र-दामच्या कामावर आले. शिवाय २०२० च्या सप्टेंबरांत स्वयंसेवक सुतारांच्या एका संघानें मंदिरासमोरच्या पटांगणांत एक पुरी कैची कुऱ्हाडीनें तासून, जोडून, दोरांनीं हातानें उभी करून दाखविली, आणि ‘हें आतां शक्य नाहीं’ म्हणणाऱ्यांचें तोंड बंद केलें.

ह्यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही हलक्यानें उडविण्यासारखे नाहींत. पहिला खुद्द रस्किनचा : जीर्णोद्धार म्हणजे विनाशाचाच वाईट प्रकार, गेलेलें परत येत नाहीं, येतें तें त्याचें सोंग. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. हें छप्पर खालून कोणास दिसत नाहीं. खालीं दगडी घुमट, वर शिशाचे पत्रे. मधल्या अंधारांत लांकूड आहे कीं लोखंड, हें प्रार्थनेस आलेल्या माणसास काय कळणार? आणि ह्या आक्षेपामागें दोन थोर उदाहरणें उभीं आहेत. शार्त्रच्या मंदिराचें छप्पर १८३६ सालीं जळलें, तेव्हां तेथें लोखंडाचा सांगाडा घातला. रीम्सच्या मंदिराचें छप्पर १९१४ सालीं जर्मन तोफांच्या माऱ्यांत जळलें. त्या जागीं आंरी दनो ह्या वास्तुशिल्पज्ञानें लोखंड घातलेल्या सिमेंटचे लहान लहान तुकडे ओतून, ते एकमेकांत गुंतवून, नवा सांगाडा उभा केला. आखूड तुकड्यांनीं मोठें छप्पर तोलण्याची ही युक्ति त्यानें सोळाव्या शतकांतील फिलिबेर द लोर्म ह्याच्या लांकडी रचनेवरून उचलली होती. मी रीम्सचीं चित्रें पुनः पुन्हां पाहिलीं आहेत. तें काम सुंदर आहे. त्यांत सोंग मुळींच नाहीं. मग पॅरिसनें रीम्सचा कित्ता कां गिरवूं नये?

माझें उत्तर असें. दनोच्या पुढें उद्ध्वस्त देश होता. ओक महाग, सुतार रणांगणांत गेलेले. त्यानें त्या वेळीं जें शक्य होतें तें बुद्धीनें केलें. पॅरिसपुढें तशी अडचण नव्हती. झाडें होतीं आणि, थोडे का होईनात, हात होते. अशा स्थितींत लोखंड घातलें असतें तर छप्पर मिळालें असतें, पण तासणारे ते हात एक पिढीनें आणखी विरळ झाले असते. आणि तें छप्पर दिसत नाहीं, हा मला दोष न वाटतां उलट साक्ष वाटते. दाखविण्याकरितां केलेलें काम दाखवून झालें कीं संपतें. येथें कोणास दिसणार नाहीं हें ठाऊक असून शेंकडों माणसांनीं लांकूड तासलें. तें कशासाठीं, असें विचारलें तर उत्तर एकच निघतें कीं ह्यांतला एखादा वासा शंभर वर्षांनीं किडला तर तो काढून तसाच दुसरा बसविणारा माणूस तेव्हां असावा. ही माझी कसोटी. लांकडाची रचना दिसते कीं लपते हा प्रश्न दुय्यम. तिच्यांतलें एक लांकूड बदलतां येईल काय, आणि तें बदलण्याचें ज्ञान त्या रचनेनें कोणाच्या हातांत ठेवलें आहे काय, हा प्रश्न मुख्य. (जपानांतील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं नव्यानें बांधतात, तें उदाहरण येथें देणार होतों; पण ह्या विषयावरच्या प्रत्येक लेखांत तें येऊन येऊन इतकें झिजलें आहे कीं त्यासच आतां नवें लांकूड हवें.) ह्याच कसोटीवर कार्ल्याच्या फासळ्या निर्दोष सुटतात. त्यांनीं भार पेलला नाहीं, पण वळण सांभाळलें.

सगळेंच मला पसंत आहे असें मात्र नाहीं. शिशाचे पत्रे पुन्हां घातले हें मला खटकतें. आगींत त्या विषारी धातूची धूळ भोंवतालच्या वस्तींत पसरली होती, हें ठाऊक असतां केवळ ‘जसें होतें तसेंच’ ह्या सूत्राची अक्षरशः पाळणूक म्हणजे सूत्राची गुलामगिरी झाली. शिखराविषयींहि माझें मन साफ नाहीं. तें शिखर मध्ययुगाचें नव्हतेंच. तें १८५९ सालचें, व्हिओले-ल-द्यूक ह्या प्रतिभावंत आणि थोड्या उद्दाम माणसाचें. जीर्णोद्धार म्हणजे इमारत पूर्वीं कधींहि नसेल अशा पूर्णावस्थेस नेणें, असें उघड प्रतिपादन करणारा तो. त्यानें जुन्याची नक्कल न करतां नवें रचलें. अशाच्या रचनेची हुबेहूब नक्कल करणें ही त्याची पूजा कीं थट्टा? तेथें सुतारांनीं प्रामाणिकपणानें कुऱ्हाड न वापरतां करवतीचें लांकूड वापरलें, कारण एकोणिसाव्या शतकाची रीत तीच होती. ही विवेकबुद्धि मला आवडली. तरी पण नवी कल्पना यावयाची ती ह्या एका जागीं आली असती तर मीं तक्रार केली नसती. नव्या छपरांत पाण्याचे सूक्ष्म तुषार उडविणारी यंत्रणा आहे, आग एका भागांतून दुसऱ्यांत जाऊं नये म्हणून आडभिंती आहेत. त्यांची मी तक्रार करीत नाहीं. आठशें वर्षांच्या लांकडास एका संध्याकाळीं जळतांना पाहिल्यावर त्या नसत्या तर तें भाविकपणाचें खूळ ठरलें असतें.

आतां ही कसोटी केवळ जुन्याची वकिली करणारी आहे असें कोणी म्हणूं नये, म्हणून सर्वस्वीं नव्या अशा दोन कामांकडे वळतों. पहिलें झुरिचमधील टामेडिया ह्या वृत्तपत्रसंस्थेची इमारत, शिगेरु बान ह्या जपानी वास्तुशिल्पज्ञाची, २०१३ सालची. सात मजल्यांची ही इमारत मीं बाहेरून पाहिली आहे. आंत कचेरी असल्यामुळें दाराशींच थांबावें लागलें. परंतु तिला कांचेची कातडी आहे आणि आंतला सगळा लांकडी सांगाडा रस्त्यावरून दिसतो. स्प्रूसच्या चिकटीव लांकडाचे खांब. त्यांच्या दोहों अंगांस जोडतुळया. आणि ह्या दोहोंस आरपार भेदून जाणारी लंबगोल आडवी तुळई. ह्या मुख्य सांध्यांत लोखंडाचा खिळा नाहीं कीं पट्टी नाहीं. जेथें दाब अधिक पडतो तेथें बीच ह्या टणक लांकडाची योजना आहे. संध्याकाळीं आंत दिवे लागल्यावर तो सांधा दुरून ओळखूं येतो, आणि माझ्यासारख्या अडाण्यासहि कोण कोणास धरून आहे हें कळतें. आगीचा विचारहि लांकडाच्याच स्वभावांतून केलेला आहे. जाड लांकूड पेटलें म्हणजे वरून मिनिटास पाऊण मिलिमीटरहून कमी या वेगानें कोळसा होत जातें आणि तो कोळसाच आंतल्या लांकडास उष्णतेपासून जपतो. म्हणून तासाभराची आग सोसेल एवढें लांकूड जास्तीचें धरून ठेवावयाचें. गोणपाट पांघरण्यापेक्षां अंगचीच कातडी जाड असावी, असा हा विचार.

टामेडिया माझ्या कसोटीस अर्धी उतरते. सांधा खरा आहे, लपंडाव नाहीं. पण ते सांधे संगणकानें चालणाऱ्या यंत्रानें, केसाएवढ्या अचूकपणें कापलेले आहेत. एकमेकांत असे गुंतले आहेत कीं मधलें एक लांकूड काढावयाचें तर किती लांकडें सोडवावीं लागतील तें तो कारखानाच जाणे. ज्ञान नाहींसें झालेलें नाहीं, तें हातांतून निघून यंत्राच्या पोटांत गेलें आहे. यंत्र टिकेल तोंवर तें टिकेल. मी ह्याला पतन म्हणत नाहीं. ज्यानें तो सांधा कल्पिला त्याला सुतारकी कळत होती ह्यांत शंका नाहीं. परंतु तो कापणाऱ्यास ती कळण्याची गरज उरली नाहीं, एवढें नोंदवून ठेवतों.

दुसरें काम ओसाकाच्या २०२५ सालच्या जागतिक प्रदर्शनांतील महावलय. सोउ फुजिमोतो ह्याच्या कल्पनेनें समुद्रांत भर घालून केलेल्या बेटावर सुमारें दोन किलोमीटर परिघाचें लांकडी कडें उभें राहिलें. आंतल्या बाजूस बारा मीटर उंच, बाहेरच्या बाजूस वीस. खालून चालावें, वरून फिरावें. जगांतील सर्वांत मोठी लांकडी वास्तु म्हणून तिची नोंद झाली. चित्रांवरून मत देण्याचा धोका पत्करून सांगतों कीं कल्पना भव्य आहे. त्या छपराखालीं खांबांच्या रांगा पाहिल्या म्हणजे आंखीव अरण्यांत शिरल्याचा भास व्हावा. ह्या रचनेचा गौरव करतांना सर्वांनीं ‘नुकि’ ह्या जुन्या जपानी पद्धतीचें नांव घेतलें. खांबास भोंक पाडून त्यांतून आडवें लांकूड आरपार नेणें आणि पाचर ठोकून आवळणें, अशी ती पद्धति; क्योतोच्या कियोमिझु देवालयाचा दरीवर झुकलेला सज्जा तिच्यावरच उभा आहे. पण महावलयाच्या सांध्यांत आधुनिक लोखंडी जोडहि आहेत. भूकंपाच्या देशांत तें योग्यच. माझी हरकत लोखंडास नाहीं, स्तुतीच्या भाषेस आहे. लोखंडाच्या कुबड्या घेऊन चालणाऱ्यास कोणी हंसूं नये, पण त्यानें आजोबांच्या पायांनीं चालतों असेंहि सांगूं नये. आणि सहा महिन्यांचें प्रदर्शन ऑक्टोबर २०२५ मध्यें संपलें तेव्हां ह्या एवढ्या लांकडाचें करावयाचें काय, हा प्रश्न उभाच होता. थोडा भाग राखावा, बाकीचा उतरवावा, असें ठरलें. लांकडाची बाजू घेऊन पृथ्वीच्या हिताचा उपदेश करणाऱ्या वास्तूनें आपलें मरणोत्तर प्रकरण इतकें अधांतरीं ठेवावें हें मला शोभणारें वाटलें नाहीं. सुटें होण्याचा गुण लांकडी रचनेंत जन्मजात असतो. त्याचा विचार पहिल्या रेघेबरोबर व्हावयास हवा होता.

येथवर परक्यांच्या छपरांविषयीं बोललों. टीकाकारानें आपल्या घराकडे न पाहतां दुसऱ्याच्या वाशांची मोजदाद करूं नये, म्हणून एक कबुली देतों. कोंकणांत आमच्या आजोळीं चौपाखी कौलारू घर होतें. त्याचे वासे किडत, तेव्हां पावसाळ्याआधीं गांवचा सुतार येई, कौलें उतरी, किडका वासा काढी, नवा चढवी. घर उभेंच असे आणि घरांतली चूलहि पेटलेली असे. आढें कधीं बदललें, तुळई कधीं बदलली, हें कोणास आठवत नसे, इतकी ती गोष्ट नित्याची होती. तो सुतार वारला. त्याचा मुलगा शहरांत तयार फळ्यांचीं कपाटें जोडतो आणि चांगलें मिळवितो. वीस वर्षांपूर्वीं तुळईस वाळवी लागली, तेव्हां माणूस मिळेना. आणि सर्वांत शिकलेला म्हणून मामांनीं मला विचारलें. मीं सांगितलें, उतरवा आणि स्लॅब घाला. माझा सल्ला त्या वेळच्या सरकारच्या धोरणाशींहि जुळता होता. केंद्रीय बांधकाम खात्यानें १९९३ पासून इमारतींत लांकूड वापरण्यास बंदी केली होती, ती २०२० सालीं उठविली. जंगलें वांचावींत हा त्या बंदीचा हेतु चांगला होता. पण बंदी उठली म्हणून सुतार परत येत नाहींत.

नोत्र-दामचें छप्पर पुन्हां होऊं शकलें ह्याचें आणखी एक कारण सांगावयाचें राहिलें. आगीच्या कांहीं वर्षें आधीं रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्रांतसो ह्या दोन वास्तुशिल्पज्ञांनीं त्या अंधाऱ्या माळ्यावर चढून एकेक लांकूड हातांनीं मोजून त्याचे नकाशे काढून ठेवले होते. तेव्हां त्या कामाचा कोणास उपयोग दिसत नव्हता. पुढें फ्रोमों स्वतःच जीर्णोद्धारावरील वास्तुशिल्पज्ञांत आले, आणि त्यांच्याच मापांवरून झाडें निवडलीं गेलीं. यंदा दिवाळीच्या सुटींत आमच्या महाविद्यालयांतील सहा मुलें आणि मी पुण्याच्या एका जुन्या वाड्याचा माळा मोजण्यास जाणार आहों. मालकांनीं परवानगी दिली आहे, आणि पुढच्या वर्षीं वाडा पाडावयाचा असल्यामुळें घाई करा असेंहि सांगितलें आहे. आजोळच्या घराचें असें कांहींच कागदावर नाहीं. मागल्या महिन्यांत मामीला विचारलें, माजघरावर वासे किती होते? ती म्हणाली, बेचाळीस. मला छत्तीस आठवतात.